अन्न, मन आणि दोषाचा प्रश्न

माणसाच्या मनाची घडण त्याच्या शरीरात चालणाऱ्या पचनाशी कितपत बांधलेली आहे, आणि ती तशी बांधलेली असल्यास त्या घडणीतल्या वेगळेपणाबद्दल कोणाला दोष देता येतो का, हा प्रश्न भारतीय विचारात फार जुना आहे. स्वमग्न मुलांच्या आतड्यांतील जिवाणूंविषयी गेल्या पंचवीस वर्षांत झालेल्या संशोधनाने त्याला नवी निकड आली आहे. स्वमग्नता म्हणजे मेंदूच्या वाढीतील असे वेगळेपण, की ज्यामुळे मुलाचे इतरांशी संवाद साधणे, त्याच्या आवडीनिवडी आणि आवाज, स्पर्श, चव यांना मिळणारा त्याचा प्रतिसाद हे सारे बहुसंख्य मुलांपेक्षा निराळे असते. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने 1943 मध्ये 11 मुलांच्या निरीक्षणावरून तिचे पहिले सविस्तर वर्णन केले. भारतात उत्तर गोव्यासह पाच ठिकाणी झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभर मुलांमागे सुमारे एक मूल स्वमग्न आढळले. म्हणजे ही अवस्था शहरांपुरती किंवा पाश्चात्त्य समाजापुरती मर्यादित नाही.

वसई तालुक्यातील चांदीपसारख्या गावात एखादे मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही, हाक मारल्यावर वळून पाहत नाही, ताटातल्या पांढऱ्या भातापलीकडे कशालाच हात लावत नाही, तेव्हा घरात आणि शेजारात उठणारे प्रश्न बहुधा कारणाचे नसतात, दोषाचे असतात: कोणाची नजर लागली, कोणत्या जन्मीचे फळ आहे, आईने गरोदरपणी काय खाल्ले. कोणी भगताकडे नेण्यास सुचवतो, कोणी नवस बोलण्यास सांगतो. वैद्यकशास्त्र या प्रश्नांची जागा घेऊ लागले, तरी ‘हे का झाले’ या जिज्ञासेत ‘हे कोणामुळे झाले’ हा आरोप मिसळलेलाच राहतो. या दोन प्रश्नांमधील भेद स्पष्ट करणे हे तत्त्वचिंतनाचे काम आहे, आणि आतड्यांतील जिवाणूंचा विषय त्यासाठी विशेष उपयोगी पडतो.

प्रथम शास्त्राने काय पाहिले ते समजून घेतले पाहिजे. माणसाच्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू राहतात आणि त्यांची संख्या शरीरातील स्वतःच्या पेशींच्या संख्येच्या जवळपास जाते, असा हिशेब 2016 मध्ये मांडला गेला. न पचलेल्या तंतुमय अन्नाचे हे जिवाणू विघटन करतात, त्यातून काही आम्ले तयार होतात, आणि ती आम्ले, रोगप्रतिकारयंत्रणा व मेंदूपासून आतड्यापर्यंत जाणारी एक लांब चेता यांच्या मार्गाने पोट आणि मेंदू यांच्यात संदेशांची ये-जा चालते. स्वमग्न मुलांत बद्धकोष्ठ, जुलाब आणि पोटदुखी यांचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक असते, हे डॉक्टरांच्या लक्षात आधीच आले होते. त्यामुळे त्यांच्या शौचाच्या नमुन्यांतील जिवाणू तपासण्याकडे संशोधक वळले. अमेरिकेतील 2013 च्या एका अभ्यासात स्वमग्न मुलांच्या आतड्यात ‘प्रीव्होटेला’ नावाचे जिवाणू कमी आणि एकूण विविधताही कमी आढळली. हेच जिवाणू धान्य व भाजीपाला अधिक खाणाऱ्या भारतीयांच्या आतड्यात सामान्यतः विपुल असतात. भारतीय मुलांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 30 स्वमग्न मुलांची तुलना 24 इतर मुलांशी केली गेली, तेव्हा स्वमग्न मुलांत ‘लॅक्टोबॅसिलस’ कुळातील, म्हणजे दह्यात आढळणाऱ्या जिवाणूंच्या गणगोतातील, जिवाणू अधिक दिसले. हाँगकाँगमधील 2024 च्या अभ्यासात 1627 मुलांचे नमुने पाहिल्यावर जिवाणू, बुरशी आणि विषाणू यांच्या 31 खुणांचा असा संच मिळाला, की ज्यावरून स्वमग्न मूल बऱ्याच अचूकतेने ओळखता यावे.

भेद आहे, हे अशा रीतीने अनेकदा दिसले. परंतु तो प्रत्येक देशात एकाच रूपात दिसला नाही, आणि भेद असणे म्हणजे तो कारण असणे नव्हे. न्यायशास्त्राने धूर आणि अग्नी यांच्या साहचर्याची चर्चा करताना हाच सावधपणा शिकवला आहे: दोन गोष्टी एकत्र आढळल्या, तरी त्यांच्या संबंधामागे तिसरी एखादी अट दडलेली नाही ना, हे तपासल्याशिवाय अनुमान सिद्ध होत नाही, आणि अशा दडलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. जिवाणूंच्या बाबतीत ही उपाधी बहुतांशी ताटात सापडते. ऑस्ट्रेलियातील 247 मुलांच्या 2021 मधील अभ्यासात स्वमग्नतेचे निदान आणि जिवाणूंची रचना यांच्यातील थेट संबंध अगदी क्षीण निघाला. उलट स्वमग्न मुलांच्या आवडीनिवडी मोजक्या असल्यामुळे त्यांचा आहार एकसुरी होतो आणि आहार एकसुरी झाल्यामुळे आतड्यांतील विविधता घटते, असा क्रम समोर आला. ज्या मुलाच्या जिभेला नाचणीच्या भाकरीचा खरखरीतपणा सोसत नाही आणि ज्याला सुक्या मासळीचा वास असह्य होतो, ते मूल रोज तोच मऊ भात मागते. त्या भाताप्रमाणेच त्याच्या आतड्यातील वस्ती ठरते. म्हणजे पोट मनाला घडवते असे म्हणण्याआधी मन पोटाला घडवते, हेही मान्य करावे लागते. स्वमग्नतेमागे आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे, हे अनेक देशांतील कुटुंबांच्या अभ्यासांतून दिसले असल्याने जिवाणूंना एकमेव मूळ कारण मानणे आज तरी शक्य नाही. जिवाणूंच्या प्रत्यारोपणाने उंदरांचे वर्तन बदलल्याचे प्रयोग आहेत आणि 2017 मध्ये अमेरिकेत 18 स्वमग्न मुलांवर झालेल्या अशाच प्रयोगानंतर त्यांच्या पोटाच्या तक्रारी व वर्तन सुधारल्याची नोंदही आहे. पण त्या प्रयोगात तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट नव्हता, त्यामुळे त्यातून आशा घेता येते, निर्णय घेता येत नाही.

मन आणि अन्न यांचा हा दुहेरी संबंध भारतीय परंपरेला परका नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, सांगतो की खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग होतात; त्यांतील स्थूल भाग मळ होतो, मध्यम भाग मांस होतो आणि सूक्ष्मतम भाग मन होते. हे पटवण्यासाठी तो पुत्राला पंधरा दिवस उपवास करायला लावतो. त्यानंतर श्वेतकेतूला पाठ असलेले वेद आठवत नाहीत, आणि जेवल्यावर ते पुन्हा आठवतात. ज्ञानेश्वरीच्या सतराव्या अध्यायातही आहारानुसार धातू आणि धातूंनुसार अंतःकरणाचा भाव बनतो, अशी साखळी मांडली आहे. या वचनांचा आधार घेऊन कोणी म्हणेल की मुलाचे मन वेगळे आहे, त्याअर्थी त्याच्या किंवा त्याच्या आईच्या अन्नात दोष असला पाहिजे. पण हे वाचन अपुरे आहे. उद्दालकाच्या प्रयोगात अन्न गेल्यावर श्वेतकेतूची स्मरणाची क्षमता गेली. त्याचे पुत्रत्व किंवा शिकण्याचा त्याचा अधिकार गेला नाही. शिवाय तो संवाद अन्नावर थांबत नाही. तो अखेरीस जाऊन पोचतो तो सर्व जीवांच्या मुळाशी असलेल्या एकाच सत्तत्त्वाकडे, ज्यात श्वेतकेतू स्वतःही सामावलेला आहे. मनाची सामग्री अन्नमय असेल, परंतु माणसाचे मोल त्या सामग्रीवरून ठरत नाही, हा त्या प्रकरणाचा पूर्ण अर्थ आहे. त्याचा पूर्वार्ध तेवढा उचलणे म्हणजे उपनिषदावर अन्याय करणे होय.

दोषाचा दुसरा मार्ग कर्मविपाकाचा, म्हणजे आजचे दुःख हे मागील कर्माचे फळ मानण्याचा. या मताला भारतीय परंपरेच्या आतूनच मर्यादा घातली गेली आहे. पाली त्रिपिटकातील संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणसाला जे जे सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्मामुळेच असते, हे मत खरे आहे काय. बुद्ध त्यावर पित्त, कफ, वात, त्या तिघांचे मिश्रण, ऋतुबदल, विषम वर्तन आणि अकस्मात झालेला आघात अशी कारणे सांगून कर्मविपाकाला त्या यादीत आठवे स्थान देतो, आणि सर्व काही कर्मावर टाकणारे लोक स्वतःला ठाऊक असलेल्या व जगात मान्य असलेल्या गोष्टींच्याही पलीकडे बोलतात, असे बजावतो. हा विचार वसईच्या भूमीला दूरचा नाही. याच तालुक्यातील सोपारा हे प्राचीन बंदर बौद्ध केंद्र होते. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये केले, आणि सम्राट अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडेही सोपारा परिसरातच मिळाले. नवव्या लेखाचा आशय इतर ठिकाणच्या प्रतींवरून संपूर्ण कळतो: आजारपणात, लग्नात, अपत्यजन्माच्या वेळी लोक नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात, त्यांचे फळ अल्प असते, दास व सेवक यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान हेच खरे मंगल होय. मुलाच्या वेगळेपणाने हादरलेल्या घराला बावीस शतकांपूर्वीच्या या लेखातून आजही मार्ग मिळतो, कारण तो विधीकडून वागणुकीकडे नेतो.

दोषारोप केवळ धार्मिक भाषेतच होतो असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य मानसशास्त्रात स्वमग्नतेचे खापर आईच्या भावनाशून्यतेवर फोडले गेले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1967 च्या आपल्या ग्रंथातून या मताला मोठी प्रसिद्धी दिली आणि असंख्य मातांनी ते ओझे वर्षानुवर्षे वाहिले. स्वतः स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी 1964 मध्येच जैविक कारणांच्या बाजूने युक्तिवाद केला होता, आणि पुढे शास्त्र त्याच दिशेने गेले. आता जिवाणूंच्या संशोधनाचे अर्धवट आकलन झाले, तर आईच्या हृदयावरचा जुना आरोप तिच्या स्वयंपाकघरावर येऊन बसण्याचा धोका आहे: तिने प्रतिजैविके का घेतली, अंगावर का पाजले नाही, मुलाला भाजी का भरवली नाही. प्रत्यक्षात हेच संशोधन नीट वाचले, तर ते आरोपाला आधार देत नाही, उलट तो निराधार ठरवते. कारण ते दाखवते की जनुके, मेंदू, जिभेची संवेदना, ताट आणि आतडे हे घटक एकमेकांवर इतक्या दिशांनी परिणाम करत असतात, की त्यातून एक अपराधी वेगळा काढताच येत नाही. कार्यकारणभाव जितका सखोल समजतो, तितका दोषाला वाव कमी उरतो.

वेगळ्या मनाला समाजात जागा कशी मिळते, याचे एक उत्तर महानुभाव परंपरेने जपून ठेवले आहे. तेराव्या शतकातील ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे, म्हणजे गुंडम राऊळांचे, चरित्र म्हाइंभटांनी लिहिले. त्यात त्यांचे मनस्वी वागणे, वस्तूंशी एकट्याने खेळणे, कोणाच्याही घरी जाऊन अन्न मागणे या लीला बारकाईने नोंदल्या आहेत. गावातील काही जण त्यांना वेडे म्हणत, तर अनेक जण, विशेषतः दुःखात असलेले, त्यांना आई आणि बाप म्हणत. सात शतकांपूर्वीच्या एका विभूतीला आजच्या निदानाचे लेबल लावणे अनुचित ठरेल, आणि महानुभावांच्या दृष्टीने ते ईश्वराचे अवतार आहेत. येथे महत्त्वाचे आहे ते गावाचे वागणे: त्यांचे वर्तन नेहमीच्या चौकटीत बसत नाही म्हणून त्यांना बाहेर काढण्याऐवजी गावाने आपले दरवाजे, आपली चूल आणि आपली भाषा त्यांच्याभोवती रुंद केली. त्यांना बरे करणे ही त्यांच्या स्वीकाराची पूर्वअट नव्हती.

या विवेचनातून कर्तव्याची दिशा स्पष्ट होते. जिवाणूंच्या संशोधनाचा पहिला उपयोग मुलाचे दुखणे कमी करण्यासाठी झाला पाहिजे; जे मूल बोलून सांगू शकत नाही, त्याचे डोके आपटणे किंवा रात्र-रात्र जागणे यामागे साधी बद्धकोष्ठाची वेदना असू शकते, आणि ती ओळखून तिच्यावर उपचार करणे हे आजच्या डॉक्टरांना सहज शक्य आहे. आहारात नवे पदार्थ आणायचे असतील, तर ते मुलाच्या संवेदनांचा मान राखून, हळूहळू आणि सक्तीविना आणावे लागतात. याउलट, आधीच मोजके खाणाऱ्या मुलाचे दूध आणि गहू कोणाच्या तरी सांगण्यावरून तोडणे, किंवा दुसऱ्याच्या विष्ठेतील जिवाणू आतड्यात सोडण्याचा उपचार शास्त्रीय देखरेखीविना करणे, यात मुलाचे हित नसून मोठ्यांची अस्वस्थता शमवण्याची धडपड असते. अशा उपचारात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे एका प्रौढ रुग्णाचा मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये धोक्याचा इशारा दिला होता. भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्न व्यक्तींना शिक्षणाचा आणि सन्मानाचा हक्क दिला आहे, आणि तो हक्क त्यांच्या आतड्यात कोणते जिवाणू आहेत यावर अवलंबून नाही. शास्त्र उद्या आणखी कारणे शोधेल आणि ती शोधलीच पाहिजेत, कारण प्रत्येक कारण एखादी वेदना कमी करण्याची वाट दाखवू शकते. परंतु मूल आज जसे आहे तसे घरात, शाळेत आणि गावात सामावून घेण्याचे कर्तव्य त्या शोधाच्या निकालासाठी थांबवून ठेवता येत नाही, कारण ते कोणत्याही कारणावर आधारलेले नसून मूल माणूस आहे एवढ्याच गोष्टीवर आधारलेले आहे.