करविता आणि कर्ता

इंग्रजी भाषेत ‘इंड्यूस’ नावाचे एक साधे क्रियापद आहे. कायद्याच्या पुस्तकांत ते वारंवार भेटते, डॉक्टरांच्या तोंडी ते असते आणि रोजच्या संभाषणातही सहज येऊन जाते. ‘आत’ आणि ‘नेणे’ या अर्थांच्या दोन लॅटिन पदांपासून ते बनले आहे. एखाद्यास एखाद्या गोष्टीप्रत नेऊन पोहोचविणे, हा त्याचा मूळ अर्थ. कोश उघडला तर ‘प्रवृत्त करणे’, ‘उद्युक्त करणे’, ‘मन वळविणे’, ‘घडवून आणणे’ असे चार प्रतिशब्द एका ओळीत मांडलेले दिसतात. कचेरीतल्या मसुद्यात यांपैकी कोणताही एक उचलला तरी काम भागते. परंतु हे चार शब्द एकमेकांपासून किती दूर आहेत हे पाहू लागलो, म्हणजे भाषांतराचा प्रश्न मागे पडतो आणि एक नैतिक प्रश्न पुढे येऊन उभा राहतो : दुसऱ्याने करविलेल्या कृत्याचा कर्ता कोण?

प्रथम शब्दाचा व्यवहार पाहू. इंग्रजीत ज्याला ‘पर्स्वेड’ करणे म्हणतात, त्यात साधारणतः समोरच्याच्या बुद्धीशी बोलावे लागते. ‘कंपेल’ म्हटले की तेथे बळ आले. ‘इंड्यूस’ या दोहोंच्या मध्ये वावरतो आणि साधनाची चौकशी करीत नाही. युक्तिवाद असो, बक्षीस असो, थाप असो, अथवा औषधाची मात्रा असो, परिणाम घडला म्हणजे झाले. म्हणूनच डॉक्टर झोप ‘इंड्यूस’ करतात, बाळंतपणाच्या कळाही ‘इंड्यूस’ करतात. झोपेचे मन कोणी वळवीत नाही. माणसाची इच्छा आणि माणसाच्या शरीरातील क्रिया या दोन्ही गोष्टी इंग्रजीने अशा रीतीने एकाच क्रियापदाच्या हवाली केल्या आहेत.

मराठी बोलीने असे केलेले नाही. औषधाने आपण कळा ‘आणतो’, झोप ‘आणतो’; पण माणसाला आपण राजी करतो, गळ घालतो, भरीस घालतो, फूस लावतो, नादी लावतो किंवा आमिष दाखवितो. यांतल्या प्रत्येक शब्दात बोलणाऱ्याचा निवाडा आधीच झालेला असतो. गळ घालणाऱ्याचा आग्रह उघड असतो, फूस लावणाऱ्याचे कपट लपलेले असते, आणि भरीस घालणारा स्वतः बहुधा काठावर उभा राहतो. इंग्रजी शब्द तटस्थ आहे आणि कायद्याला ही तटस्थता सोयीची वाटते. तिचा धोका असा की, माणसाकडे ‘घडवून आणावयाची एक क्रिया’ म्हणून पाहण्याची सवय तिच्यामुळे नकळत लागते. त्याच शब्दाचा एक नकारार्थी प्रयोग मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. जगातली कोणतीही गोष्ट मला याला प्रवृत्त करू शकणार नाही, असे इंग्रज माणूस निग्रहाने म्हणतो, तेव्हा मनुष्य आणि यंत्र यांतील अंतर पुन्हा उघड होते.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार व्याकरणातही केला आहे. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता, असे पाणिनीने सांगितले; आणि लगेच पुढच्या सूत्रात, त्या स्वतंत्राला जो प्रेरणा देतो त्याला ‘हेतू’ ही संज्ञा देऊन त्याची कर्ता ही संज्ञाही कायम ठेवली. सूत्रकाराला येथे नीती सांगावयाची नव्हती, प्रयोजक क्रियापदाची व्यवस्था लावावयाची होती. तरी त्या व्यवस्थेतील सूक्ष्मता मोठी आहे. प्रेरणा देणारा कर्ता ठरल्यामुळे प्रेरित झालेल्याचे स्वातंत्र्य नाहीसे होत नाही. कर्ते दोन होतात. योगसूत्रांतही हिंसा केलेली, करविलेली आणि अनुमोदिलेली अशी तीन प्रकारची सांगितली आहे, आणि जैन आचारविचारात हीच त्रयी कृत, कारित व अनुमोदित या नावांनी येते. करविणाऱ्याचा वाटा कमी म्हणून त्याला यांपैकी कोणी सोडून दिलेले नाही.

आता कायद्याकडे वळू. १८६० च्या दंडसंहितेतील फसवणुकीची व्याख्या याच क्रियापदावर उभी होती, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमातही ती तशीच उभी आहे. फसलेला मनुष्य आपली वस्तू आपल्याच हाताने देतो. तरीही ‘तूच दिलीस ना?’ असा प्रश्न कायदा त्याला करीत नाही. याहूनही मार्मिक तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २४ व्या कलमात होती. आरोपीने दिलेला कबुलीजबाब प्रलोभन, धमकी अथवा वचन यांमुळे निघाला आहे असे न्यायालयास दिसले, तर तो ग्राह्य नाही. मात्र ते प्रलोभन अधिकारपदावरील व्यक्तीकडून आलेले असले पाहिजे. २०२३ च्या साक्ष अधिनियमाच्या २२ व्या कलमाने हाच नियम पुढे चालविला आणि त्यात सक्तीची भर घातली.

‘अधिकारपदावरील व्यक्ती’ हे शब्द आपल्यासारख्या वाचकांनी थांबून वाचावे असे आहेत. ‘खरे सांगितलेस तर तुझे बरे होईल’ हे वाक्य शेजाऱ्याने उच्चारले तर तो उपदेश होतो. तेच ठाण्यातल्या अधिकाऱ्याने उच्चारले की त्याला वजन चढते. शब्द तेच, व्याकरण तेच; फरक खुर्चीचा. करार कायद्याच्या १६ व्या कलमातील ‘अनुचित प्रभावा’ची कल्पनाही याच जाणिवेतून आली आहे : एकाची इच्छा दुसऱ्याच्या इच्छेवर सत्ता गाजविण्याच्या स्थितीत असेल, तर संमती दिसली म्हणून ती संमती ठरत नाही.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेली दुरुस्ती या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. लोकसेवकास गैर कामास प्रवृत्त करण्याच्या हेतूने लाभ देणारा आता स्वतंत्र अपराधी ठरतो. मात्र ज्याला तो लाभ देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली तर तो सुटतो. ‘प्रवृत्त करणे’ आणि ‘भाग पाडणे’ यांच्यामधील रेघ येथे कायद्याने स्वतः ओढली आहे. ती व्यवहारात मात्र फार लवकर पुसली जाते.

किती लवकर, हे पाहावयाचे असेल तर १९७६ साल आठवावे. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात जाहीर झालेल्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणात नसबंदीसाठी मोबदला ठरविला होता : दोन मुलांवर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यास १५० रुपये, तीन मुलांवर १००, चार अथवा अधिक असल्यास ७०. कागदावर हे केवळ उत्तेजन होते. पण त्याला उद्दिष्टांचे आकडे जोडले गेले, आकडे कर्मचाऱ्यांना वाटून देण्यात आले, आणि ते पुरे न करणाऱ्या शिक्षकांचे पगार अडविले गेले. १९७६–७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. पुढे शहा आयोगापुढे हा सर्व व्यवहार आला. त्यात ‘सक्ती करा’ असा उघड लेखी हुकूम प्रत्येक ठिकाणी असण्याची गरजच नव्हती. वरच्याने खालच्याला उद्युक्त केले, त्याने त्याच्या खालच्याला, आणि ही साखळी गावातल्या दारापर्यंत पोहोचली तेव्हा प्रलोभनाची सक्ती झालेली होती.

यावर कोणी म्हणेल की, प्रवृत्त करणे वर्ज्य मानले तर शाळा चालणार नाही, घर चालणार नाही आणि राज्यकारभार तर मुळीच चालणार नाही. हा आक्षेप खरा आहे. आई मुलाला खाऊ दाखवून औषध पाजते, शासन शिष्यवृत्ती देऊन मुलींना शाळेत आणते. यांत दोष कोणता? दोष प्रेरणेत नाही. तिची पारख दोन प्रश्नांनी करता येईल असे वाटते. ज्या कारणाने मी त्याला प्रवृत्त करीत आहे, ते कारण मला त्याच्या तोंडावर सांगता येईल काय? आणि तो ‘नाही’ म्हणाला, तर माझ्या हातून त्याचे काही बिघडणार नाही ना? आईपाशी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा चांगले असते. अधिकाऱ्यापाशी ते सहसा अवघड असते, कारण त्याच्या हातात गोपनीय अहवाल असतो, बदली असते आणि रजेच्या अर्जावरची सही असते. म्हणून ‘जमल्यास पाहा’ हे त्याचे सौम्य वाक्य ऐकणाऱ्याच्या कानी सौम्य राहत नाही.

रसायनशास्त्रात उत्प्रेरक नावाचा पदार्थ असतो. तो क्रिया वेगाने घडवितो आणि अखेरीस स्वतः जसाच्या तसा उरतो. हिंदी कायदेग्रंथांत ‘इंड्यूस’साठी ‘उत्प्रेरित करना’ हाच शब्द योजला आहे, हे परप्रांतात नोकरी करणाऱ्यांना ठाऊक असेल. कागदावर आपले नाव नाही, सही दुसऱ्याची आहे, तेव्हा आपणही उत्प्रेरकासारखे निर्लेप राहिलो, ही समजूत करविणाऱ्याला फार सुखाची वाटते. आणि ‘वरून सांगितले होते’ ही समजूत करणाऱ्याला तितकीच सुखाची वाटते. दोघेही जबाबदारीला एखाद्या रकमेप्रमाणे मानून ती आपसांत वाटून घेऊ पाहतात. पण दोन कर्ते झाले म्हणून कृत्य अर्धे होत नाही, आणि ज्याच्यावर ते कोसळते त्याला ते पुरतेच सोसावे लागते. तेव्हा करविणाऱ्याने ते आपण स्वतः केले असेच मानावे, आणि करणाऱ्याने आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते असे समजून एकदा विचार करावा. एवढे झाले, तर हाताखालच्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याची वाट मोकळी राहील, आणि त्याच्या ‘होय’ला संमती म्हणता येईल.