नरकद्वारीचे रक्षक आणि भोगभूमी

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परांहून भिन्न आहेत, हा ब्रह्मविद्येचा आधारभूत सिद्धान्त साधकांस विदितच आहे. स्वर्ग, नरक, कर्मभूमी व मोक्ष या जीवाच्या चार गतीही सर्वांच्या परिचयाच्या. यांपैकी नरकाचे निरूपण प्रवचनांतून आजकाल थोडक्यात आटोपले जाते. श्रोते कंटाळतील असे वक्त्यास वाटते, आणि तरुण मंडळी तर त्या विषयास जुन्या काळची भीती समजून हसतात. परंतु हीच तरुण मंडळी घरी जाऊन संगणकापुढे बसतात आणि दोन-दोन प्रहर नरकातच वावरतात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कोल्हापूरच्या वासनिकांस या विषयाचा एक पैलू उपजतच ठाऊक असतो. त्या नगरीचे नावच एका असुरावरून पडले, असे करवीरमाहात्म्याची परंपरा सांगते. देवीने कोल्हासुराचा वध केला आणि मरतेसमयी त्याने या क्षेत्रास आपले नाव राहावे असा वर मागितला, अशी ती कथा. आश्विन शुद्ध पंचमीस, म्हणजे ललितापंचमीस, अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते. तेथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो व त्याचा तुकडा मिळावा म्हणून लोकांची झुंबड उडते. तो कोहळा म्हणजे असुराचेच प्रतीक, असे मानतात. असुर एकदाच मेला; वध मात्र दरवर्षी होतो. अशा नगरीतील मुलास संगणकाच्या खेळातील शेवटचा बलाढ्य राक्षस, ज्यास मुले 'बॉस' म्हणतात, परका वाटू नये यात नवल नाही.

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणावा असा 'डूम' हा खेळ अमेरिकेत डिसेंबर 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या नव्या आवृत्त्या 2016, 2020 आणि 2025 या वर्षीही निघाल्या. खेळाची मूळ रचना तीन खंडांची, आणि प्रत्येक खंडाच्या शेवटी एकेक रक्षक उभा. पहिल्या खंडाच्या शेवटी, मंगळाच्या फोबोस नामक उपग्रहावर, दोन शिंगाडे दैत्य नायकावर चालून येतात. दुसऱ्या खंडाच्या शेवटी, एक पाय लोखंडाचा व एका हाताच्या जागी तोफ असलेला असुर आहे. त्याचे बळ चार हजार अंकांचे, म्हणजे पहिल्या दैत्यांच्या प्रत्येकी चौपट. तिसऱ्या खंडाच्या अखेरीस यांत्रिक पायांचा कोळी येतो. ती शेवटची भूमी 'दिस' या नावाची आहे आणि हे नाव इटलीचा कवी दान्ते याच्या नरकवर्णनातील नगरीचे. दान्तेच्या काव्यातील प्रवासी मात्र निःशस्त्र आहे, आणि त्या नगरीचे दार उघडण्यास स्वर्गाहून दूत यावा लागतो. खेळ करणाऱ्यांनी नगरीचे नाव घेतले आणि दूत वगळला.

आता पहिल्या खंडाचा शेवट बारकाईने पाहावा. दोन्ही दैत्य पडतात, भिंती खाली जातात, वाट मोकळी होते. विजयी नायक त्या वाटेने पुढे जातो तो एका अंधाऱ्या कोठडीत येऊन पडतो. तेथील भूमीच त्याचे बळ शोषते, भोवती राक्षस दाटतात, आणि बळ जवळजवळ संपले की खंड समाप्त होतो. त्यानंतर तो नरकाच्या काठावर आहे असे कळते. मुलगा कितीही निपुण असो, ती कोठडी चुकत नाही. रक्षकास मारून मुक्ती मिळाली नाही. नरकात प्रवेश मात्र मिळाला. दुसऱ्या खंडानंतरही नायक नरकातच उतरतो. खेळाच्या कर्त्यांनी हे कोणत्या हेतूने योजिले असेल ते असो, एवढ्या एका जागी त्यांची कथा शास्त्राच्या बरीच जवळ आली आहे.

बाकी सर्वत्र ती शास्त्राच्या नेमकी उलट आहे. नरक ही भोगभूमी होय. तेथे जीवास दुःख भोगणे आहे, करणे नाही. शस्त्र उचलावे, युक्ती योजावी, या दाराऐवजी त्या दाराने जावे, असा निवडीचा अधिकार तेथे नाही. केलेल्या कर्माचे फळ सरेपर्यंत सोसावे एवढेच आहे. दारी कोणी शत्रू उभा नसतो की ज्यास जिंकले म्हणजे भोग चुकेल. ज्याने कर्म केले तोच भोगतो, आणि भोग सरला म्हणजे पुन्हा कर्मभूमीत येतो. हात मोकळा असतो तो येथे, मनुष्यदेहात. खेळातील नरक म्हणजे असा नरक की जेथे हात मोकळाच राहिला आहे. म्हणून तो मुलांस भयंकर न वाटता रम्य वाटतो, आणि ज्या खोलीत तो मुलगा बसला आहे ती खोलीच खरी कर्मभूमी, हे विसरावयास लावतो.

त्या खेळात मरण आले तर लेव्हल पुन्हा आरंभी सुरू होते. मिळवलेली शस्त्रे जातात आणि हाती एक साधे पिस्तूल व पन्नास गोळ्या राहतात. मुलांस हा दंड फार जड वाटतो, म्हणून ती मधूनमधून खेळ 'सेव्ह' करून ठेवतात. जीवाचे जन्ममरण ऐकताना हाच दाखला त्यांस चटकन समजतो. भेद इतकाच की मुलाला मागच्या खेपेची चूक आठवते, जीवाला आठवत नाही.

उपदेशी आईबाप विचारतात की पडद्यावर शेकडो देह पाडणाऱ्या मुलास हिंसेचा दोष लागतो काय. सरळ उत्तर असे की पडद्यावरील आकृतीत जीव नाही. ते प्रपंचातील जड पदार्थांचे चित्र आहे. मुंगी चिरडणे आणि हा खेळ यांस एका मापाने मोजणे शास्त्राला धरून होणार नाही, आणि मुलास उगाच पापी ठरवल्याने तो प्रवचनापासून मात्र दूर जाईल. तथापि येथेच समाधान मानू नये. क्रिया देहाची नसली तरी मनाला जी गोडी लागते ती मनाचीच असते. ज्याला वाटेत आलेले प्रत्येक रूप पाडण्याजोगे दिसू लागले, त्याला निर्वैर होण्याचा अभ्यास कोठून व्हावा? मुलाला रागे न भरता त्याच्याशेजारी बसून ती अंधारी कोठडी पाहावी आणि विचारावे की दोघांना मारूनही तू येथे कसा आलास?

कोल्हापूरचे महत्त्व पंथास कोल्हासुरामुळे नाही. श्रीदत्तात्रेय प्रभूंची नित्य भिक्षा तेथे, भोजन पांचाळेश्वरी. देवतेच्या सामर्थ्याविषयी येथे अनादर नाही. देवता आपल्या अधिकारापुरते फळ देते आणि ते फळ सरते. परंतु ज्या नगरीत असुरवधाचा सोहळा वर्षातून एकदा होतो, त्याच नगरीत परमेश्वरावतार दररोज रित्या हाताने दारोदारी येतो, हे त्या नगरीच्या किती मुलांना सांगितले जाते?

'डूम'च्या तिसऱ्या खंडाचा शेवटही सांगावयास हवा. कोळी मरतो, दार उघडते, नायकास पृथ्वीवरची हिरवी कुरणे दिसतात. मग चित्र हळूहळू सरकते: मागे नगर जळत आहे आणि पुढे खुंटावर एका सशाचे शिर रोवलेले आहे. खेळाच्या 1995 च्या वाढीव आवृत्तीत तो नायकाचाच पाळीव ससा असल्याचे सांगितले आहे. इतके रक्षक मारले, पण घरचा ससा राखता आला नाही.

लीळाचरित्रातही एक ससा आहे. पारधी व कुत्री मागे लागली असता तो धावत येऊन सर्वज्ञांच्या गुडघ्याखाली दडला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींच्या हाती शस्त्र नव्हते. शरण आलेल्यास देता येत नाही, आणि रानातले गवत खाऊन ओढ्याचे पाणी पिणाऱ्या जीवाने कोणाचे काय बिघडवले, अशा आशयाचे चार शब्द त्यांनी सांगितले. पारधी निघून गेल्यावर स्वामींनी गुडघा उचलला आणि सशाला आता जा म्हणून सांगितले.