मोहीम फत्ते, पण मागे कोण राहिलं?



या वेळी लिहायची पाळी माझ्यावर आली. विषय काहीतरी गंभीर घ्यावा असं ठरवलं होतं, पण मनात घोळत राहिला तो एक व्हिडिओ गेम. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

माझा भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे इंदूरला राहतो. अभ्यास आटोपला की रात्री हातात 'स्विच' घेऊन बसतो. त्यावर 'फायर एम्ब्लेम : थ्री हाउसेस' हा २०१९ सालचा जपानी खेळ चालतो. चौकटींचा पट, बुद्धिबळासारख्या आळीपाळीने चाली. पण इथली प्यादी म्हणजे एका मठातल्या शाळेचे विद्यार्थी आणि खेळणारा त्यांचा शिक्षक. प्रत्येकाला नाव, स्वभाव, आवडीनिवडी.

तेराव्या प्रकरणातल्या लढाईत हा आठवडाभर अडकला होता. सुरुवातीला आपल्या बाजूला मोजकीच माणसं असतात, बाकीचे सोबती मागाहून येऊन मिळतात. एका रात्री बघते तर लढाई जिंकत आलेली, आणि यानं ती सोडून पहिल्यापासून सुरू केली!

"अरे, जिंकलाच होतास की!"

"मावशी, मर्सिडीज गेली ना."

मला वाटलं गाडी! तर मर्सिडीज म्हणजे त्याची एक विद्यार्थिनी. जखमींना बरं करणारी, गोड बोलणारी, गोडधोड करून खाऊ घालायची हौस असलेली. पण अंगानं नाजूक, दोन घाव बसले की संपली. यानं खेळाचा 'क्लासिक' प्रकार घेतलेला, त्यात गेलेलं माणूस परत येत नाही. 'कॅज्युअल' प्रकारात ते पुढच्या लढाईला पुन्हा हजर होतं.

"मग तो सोपा प्रकार घे ना."

"मग मी तिला सांभाळून कशाला खेळीन?"

आमचे हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "लढाई म्हटली की माणसं जायचीच. प्रत्येकाला सांभाळत बसलं तर काम कधी व्हायचं?" मीही मान डोलावली. पण अंथरुणावर पडल्यावर झोप येईना. कारण मला काकू आठवल्या.

मागच्या दत्तजयंतीला पोळ्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. चारशे पानं व्हायची होती. आमच्यातल्या एक काकू, सत्तरी ओलांडलेल्या, सावकाश पण मन लावून पोळ्या लाटत होत्या. पंगतीची वेळ जवळ आली तशी माझी घालमेल सुरू झाली. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "काकू, तुमच्यानं होत नाहीये, तुम्ही आता बाजूला बसा." लाटणं त्यांच्या हातातून घेऊन एका तरुण मुलीला दिलं. पंगत अगदी वेळेवर बसली. सगळ्यांनी माझी वाहवा केली.

पुढच्या गुरुवारपासून काकू आल्या नाहीत. कोणी विचारलं की मी सांगायची, "त्यांचे गुडघे दुखतात हो." मला कारण ठाऊक होतं.

'गड आला पण सिंह गेला' हे आपण येता-जाता म्हणतो. १६७० साली कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे पडले, त्याची ही आठवण. मला वाटायचं, ही म्हण मोठ्या पराक्रमाची आहे. पण त्यातला 'पण' महत्त्वाचा. गड मिळाल्याच्या आनंदात गेलेल्या माणसाचा हिशोब बुडवायचा नाही, हे तो 'पण' सांगतो. माझ्या हिशोबात चारशे पानं होती, काकू नव्हत्या.

यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. चारशे लोकांना ताटकळत ठेवणं हीही सेवा नव्हे. कधी कधी सगळी काळजी घेऊनही माणूस हातून निसटतो. पण सांभाळताना गमावणं वेगळं, आणि काम उरकावं म्हणून एखाद्याला खर्ची घालणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आतलं आपल्यालाच ठाऊक.

भाच्यानं आणखी एक गंमत सांगितली. या खेळात एका लढाईत ठरावीक वेळा काळ मागे नेता येतो. मी म्हटलं, "मग काय, सोपंच झालं!" तो म्हणाला, "नाही गं. मागे जाऊन तीच चाल तशीच केली तर निकालही तोच लागतो. काहीतरी वेगळं करावं लागतं."

हे वाक्य मला पुरलं. आपल्याला काळ मागे नेता येत नाही, क्षमा मात्र मागता येते. पण क्षमा मागून पुढच्या उत्सवात मी तशीच हातघाईवर आले, तर त्या क्षमेचा उपयोग काय?

मी काकूंकडे गेले. त्यांनी चहा केला. मी सगळं बोलले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "गुडघे खरंच दुखतात गं." मला मोकळं केलं, की दार हळूच लावून घेतलं, कळलं नाही. निघताना मी विचारलं, "शंभर पानांना कणीक किती भिजवू?" लगेच हिशोब सांगितला, वर "मोहन विसरू नकोस" हेही.

आता आम्ही स्वयंपाक तासभर आधी सुरू करतो. एका उंच टेबलावर पोळपाट ठेवलाय, बाजूला खुर्ची. दोन गुरुवार ती खुर्ची रिकामी राहिली. तिसऱ्या गुरुवारी काकू आल्या. त्या दिवशी पंगत वीस मिनिटं उशिरा बसली. उपाशी कोणी राहिलं नाही.

भाचा मात्र अजून तेराव्या प्रकरणातच आहे. हल्ली मी त्याला "जिंकलास का?" असं विचारत नाही. "सगळे आहेत ना?" एवढंच विचारते.

आपल्याही कामात कोणी असं मागे राहिलं असेल, तर या आठवड्यात एक फोन जरूर करावा. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपली एक सेविका, इंदूर