मोगऱ्याची वेळ



मार्ककृत शुभवर्तमानाच्या 2 ऱ्या अध्यायाच्या शेवटीं एक लहानशी गोष्ट आहे. शब्बाथाच्या दिवशीं प्रभूचे शिष्य शेतांतून जातां जातां कणसें मोडूं लागले, आणि परूशांनीं त्यांजवर दोष ठेविला. त्यांस भूक लागली होती, असें मत्तय सांगतो. प्रभूनें शिष्यांचीच बाजू घेतली. ही गोष्ट मीं पुष्कळ वेळां वाचली, तिजवर उपदेशही केला. पण तिचा अर्थ मला मुदखेडच्या एका फुलें तोडणाऱ्या बाईनें शिकविला.

मुदखेड व आसपासचीं गांवें फुलांचीं गांवें आहेत, हें नांदेडकडील वाचकांस सांगावयास नको. मोगरा, काकडा, गलांडा, झेंडू ह्यांचे येथें मळेच आहेत, आणि ज्याला शेत नाहीं त्याच्याही अंगणांत चार फुलझाडें असतात. फुलें नांदेडच्या बाजारांत जातात, हैदराबादेपर्यंतही जातात. त्यांत मोगऱ्याचा हंगाम उन्हाळ्याचा. थंडींत त्याचें पाणी तोडून त्याला ताण देतात, मग छाटणी करितात. त्या वेळीं झाड नुसत्या काटक्यांचें दिसतें. नवख्या माणसास वाटावें, हें मेलें. पुढें खत-पाणी मिळालें म्हणजे नवी फूट येते, आणि त्या फुटीच्या शेंड्यावर कळ्या धरतात. कळी पुरी भरलेली, पांढरी, परंतु मिटलेली अशीच पहाटे तोडावी लागते. झाडावर राहिली तर सायंकाळीं ती उमलते, आणि उमललेल्या फुलास दुसऱ्या दिवशीं बाजारांत कोणी विचारीत नाहीं.

ही बाई आमच्या मंडळीची. विधवा, दोन लेंकरांची आई, दुसऱ्याच्या मळ्यांत तोडणीस जाते. उन्हाळ्यांत दर रविवारीं ती उपासनेस उशिरा यावयाची. उपदेश अर्धा झालेला असे, आणि दंवानें भिजलेला पदर सांवरीत ती दाराशींच बसे. एके रविवारीं मीं वेदीवरून, नांव न घेतां, पण सर्वांस कळेल अशा रीतीनें, प्रभुवार मोडणाऱ्यांविषयीं कठोर शब्द बोललों. पुढील तीन रविवार ती आली नाहीं. आपण धर्मकर्तव्य केलें असें समजून दोन रविवार मी स्वस्थ होतों, हें मला लिहितांना लाज वाटते.

चवथ्या आठवड्यांत मी तिच्या घरीं गेलों. अंगण हातभर, पण भरलेलें. सदाफुली बाराही महिने फुलणारी. भिंतीशीं पारिजातक, जो पावसाळ्यांत रात्रीं फुलून पहाटे सडा घालतो. डब्यांत लाविलेली शेवंती. आणि कुंपणाशीं तिचा स्वतःचा एक मोगरा. मीं बोलण्यास आरंभ करण्यापूर्वींच ती म्हणाली, “साहेब, रागावूं नका. कळीला आइतवार कळत नाहीं. एक दिवस गेले नाहीं तर त्या दिवसाची भाकर गेली, अन् मळेवाला दुसरी बाई लावतो.” मजजवळ उत्तर नव्हतें. विषय पालटावा म्हणून मीं विचारलें, ह्या शेवंतीला फूल कां नाहीं? ती म्हणाली, “रात मोठी झाल्याबिगर ती फुलत नाहीं.”

तिचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. कित्येक झाडें दिवस-रात्रीच्या लांबीवरून आपला फुलण्याचा काळ ओळखतात, हें गार्नर व ॲलर्ड ह्या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं 1920 सालीं दाखवून दिलें. शेवंती उशिरा फुलावी अशी ज्यांची इच्छा असते ते बागवान रात्रीं तिजवर दिवे लावितात. तेवढ्यानें ती थांबते. ज्या देवानें रानच्या फुलांस पोशाख घातला त्यानेंच एकीला रात्र मोजावयास दिली, एकाला उन्हाळा दिला, एकाला पाऊस. आणि मी, त्याचा सेवक, सगळ्या मंडळीला उपासनामंदिरांतल्या एका घड्याळाखालीं बसवूं पाहत होतों.

मंडळीच्या सभेंत हा विषय काढला तेव्हां एक वडील म्हणाले, तीं फुलें देवळांत जातात, त्यांसाठीं आपण उपासनेची वेळ कां हलवावी? प्रश्न टाकून देण्याजोगा नव्हता. आमच्यांतील कित्येकांनीं बाप्तिस्म्यानंतर अंगणांतील झेंडूसुद्धां उपटून टाकिला होता. परंतु तोडणाऱ्या बाईच्या ओंजळींतून फूल बाजारांत गेलें कीं तें लग्नांत जातें, देवळांत जातें, आणि गेल्या वैशाखांत आपल्याच मंडळीतील एका शवपेटीवर तेंच होतें. बाजारांतल्या मांसाविषयीं पौलानें करिंथकरांस काय लिहिलें तें उपदेशकांनीं 1 करिंथ 10 मध्यें पुनः पाहावें. ज्या विल्यम केरी साहेबांच्या श्रमानें 1811 सालीं मराठी नवा करार छापून निघाला, त्यांचाही सेरामपूर येथें मोठा बगीचा होता. 1823 च्या पुरानें तो उद्ध्वस्त केला, तेव्हां वय साठीपलीकडे असूनही त्यांनीं तो पुनः लाविला. फुलांपासून त्यांच्या भक्तीस अपाय झाल्याचें कोणी म्हटलें नाहीं.

उपदेशक बंधूंस एक सांगणें अवश्य आहे. पोटासाठीं कळ्या तोडणारी निराळी, आणि तोडणी आटोपून चहाच्या हॉटेलांत बसून “काम होतें” म्हणणारा निराळा. असा एक गृहस्थ आमच्याकडेही आहे. त्याला मीं त्याच्या तोंडावर सांगितलें आहे, वेदीवरून नव्हे.

शेवटीं ठरलें कीं मोगऱ्याच्या हंगामांत उपासना सायंकाळीं सहा वाजतां व्हावी. दोन वडिलांस तें रुचलें नाहीं. त्यांपैकीं एक अजून सकाळीं येऊन एकटेच शास्त्र वाचीत बसतात. मीही त्यांजजवळ जाऊन बसतों.

त्या बाईची क्षमा मीं तिच्या घरीं मागितली होती. पण दोष सर्वांदेखत लाविला होता, म्हणून ह्या चैत्रांतील पहिल्या सायंउपासनेस, जी तिच्याच अंगणांत झाली, क्षमाही सर्वांदेखत मागितली. ती कांहीं बोलली नाहीं. त्या दिवशीं सर्वांच्या आधीं सतरंजी अंथरून तीच बसली होती. तिच्या कुंपणाशीं असलेल्या मोगऱ्याच्या कळ्या ती कधीं विकत नाहीं. पहिलें गीत चाललें असतां त्या उमलूं लागल्या होत्या.