जवळचं हॉटेल

शनिवार-रविवार मुंबईला जायचं ठरलं की आमच्या घरात पहिला वाद हॉटेलवरून होतो. शुक्रवारी रात्री बेळगावहून बसनं निघायचं, सकाळी दादरला उतरायचं आणि रविवारी रात्री परतीची बस धरायची. म्हणजे मुंबईत मुक्काम एका रात्रीचा. "एका रात्रीसाठी एवढे पैसे कशाला? पाठ टेकायला जागा मिळाली म्हणजे झालं," हे आमच्या ह्यांचं म्हणणं. वरकरणी त्यात चूक काहीच नाही. गरजेपुरतं घ्यावं, बाकीचं सोडावं, हे आम्हा जैनांच्या कानावर लहानपणापासून पडत आलेलं. मीही कित्येक वर्षं याच हिशेबानं हॉटेल निवडत होते. हिशेब कुठे चुकतोय, ते आईमुळे कळलं.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात आईला घेऊन मी मुंबईला गेले. तिला तेव्हा पंचाहत्तरावं लागलेलं. चाळीस वर्षं तिनं रात्रीभोजनाचा त्याग पाळला होता. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. मी खोली घेतली होती उपनगरात, 2200 रुपयांची. दक्षिण मुंबईत तसल्याच खोलीचे 4800 सांगत होते. 2600 रुपये वाचवले म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

वाळकेश्वरच्या मंदिरात दर्शन घेतलं, तिथून आईच्या मावसबहिणीकडे गेलो, गप्पा झाल्या, आणि निघता निघता साडेचार वाजले. गाळलेलं पाणी आणि घरून आणलेला डबा खोलीवर. नकाशावर अंतर वीस-बावीस किलोमीटर. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. दीड तास भरपूर झाला, असं मी धरून चालले. माहीमजवळ टॅक्सी जी अडकली ती अडकलीच. डाव्या हाताला आभाळ तांबडं होत गेलं. मी दोनदा "भैया, जरा जल्दी" म्हटलं. आई काही बोलली नाही. अंधार पडल्यावर एवढंच म्हणाली, "असू दे, आज उपास घडला."

तिला साखरेचा आजार. दुपारची गोळी पोटात होती. रात्री दोनला ती थरथरायला लागली, अंग घामानं भिजलं. मी पाण्यात साखर कालवून पेला तिच्या ओठाला लावला. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ती प्याली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. घरी आल्यावर तिनं प्रायश्चित्त म्हणून महिनाभर तूप सोडलं. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आपल्याकडं कर्माचा हिशेब तीन खात्यांवर मांडतात: कृत, कारित आणि अनुमत. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावलेलं. आईचा नियम मोडला तो आजारानं, असं डॉक्टर म्हणाले असते. पण कारित कुणाचं, हे मला ठाऊक होतं. 2600 रुपये मी वाचवले, आणि त्यांची किंमत तिनं मोजली. ज्याला मी काटकसर म्हणत होते, अपरिग्रहाच्या जवळपास नेऊन ठेवत होते, तो फक्त स्वतःचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्याचा प्रकार होता.

तेव्हापासून मी हॉटेल बघताना आधी जागा बघते. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. हे शहर दक्षिणोत्तर लांबट आणि चिंचोळं. रस्ते आणि रेल्वे त्याच दिशेनं धावतात, त्यामुळं सगळी माणसं सकाळी एकीकडं आणि संध्याकाळी दुसरीकडं लोटतात. तेव्हा मिनिटं मोजावीत, आणि तीही आपण ज्या वेळेला निघणार त्या वेळची. हॉटेल रुळांच्या पूर्वेला की पश्चिमेला, हे पाहावं. नकाशावर शेजारी दिसणारी जागा पूल चढून-उतरून गाठावी लागते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो पूल म्हणजे डोंगर. रविवारी लोकलच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, तो कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवावं. आणि सगळ्यांत आधी स्वतःला विचारावं, मला दोन दिवसांत नेमकं कुठं जायचंय?

हा शेवटचा प्रश्न आमच्याकडं जुनाच आहे. श्रावकाच्या व्रतांत एक दिग्व्रत असतं: अमुक दिशेला अमुक नदीपलीकडं, अमुक डोंगरापलीकडं जन्मभर जाणार नाही. त्याच्या आत आणखी लहान कुंपण घालायचं ते देशव्रत. ठरावीक काळापुरतं घर, गल्ली, शेत, गाव अशा ओळखीच्या खुणांनी आपली हद्द आखून घ्यायची. जिथं आपण जाणार नाही, तिथं आपल्या हातून हिंसाही घडणार नाही, हा त्यामागचा विचार. मला वाटतं, दोन दिवसांच्या सहलीला याहून चांगला सल्ला नाही. ज्याला सगळी मुंबई बघायची आहे त्याला कुठलंच हॉटेल जवळ पडत नाही.

गेल्या वर्षी आई म्हणाली, "मुंबईचा बाहुबली बघायचाय." फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, बाहुबलीची एक प्राचीन कांस्यमूर्ती आहे. श्रवणबेळगोळचा सत्तावन्न फुटांचा बाहुबली आईनं तीनदा पाहिलेला, कुंभोजचा अठ्ठावीस फुटांचा तर घरचाच. हा मात्र टेबलावर मावेल एवढा. तेवढी एकच गोष्ट बघायची, असं आम्ही ठरवलं. सीएसएमटी स्टेशन ते म्युझियम, एवढीच आमची हद्द. तिच्या आतलं हॉटेल घेतलं, पैसे मोजले. आईनं शनिवारी सव्वापाचला खोलीवर बसून शांतपणे डबा खाल्ला. मला वाटलं, शिकले बाई एकदाची.

तेवढ्यात खोली आवरणारी मुलगी टॉवेल द्यायला आली. तेवीस-चोवीसची असेल. आईनं तिला डब्यातला लाडू दिला आणि आपल्या सवयीनं चौकशी सुरू केली.

"कुठं राहतीस गं?"

"विरारला."

"कितीला उठतीस?"

"चारला, आजी. पाचच्या आत गाडी धरावी लागते, नाहीतर बसायला मिळत नाही."

"आणि जेवतीस कधी?"

"घरी पोचून, स्वयंपाक करून. दहा वाजतात. कधी साडेदहा."

विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. ती जाऊन-येऊन रोज एकशेवीस करते. आम्ही म्युझियमला दहा मिनिटांत पोचावं म्हणून खोली सकाळी लवकर तयार असते, आणि खोली तयार असावी म्हणून ती चारला उठते. ती गेल्यावर आई डब्याचं झाकण लावत म्हणाली, "आपण सव्वापाचला जेवलो. त्या पोरीचं रात्रीचं जेवण कुणाच्या खात्यावर गं?"

मी लगेच उत्तर दिलं. म्हटलं, आपण इथं उतरलो नाही तर तिची नोकरी जाईल. त्यात कुणाचं भलं? हे उत्तर खोटं नाही. हॉटेल आहे म्हणून तिला पगार आहे, आणि आम्ही उपनगरात उतरलो असतो तर तिथंही कुणीतरी आणखी लांबून आलंच असतं. पण आईनं "आपण इथं उतरावं का" असं विचारलंच नव्हतं. तिनं खातं विचारलं होतं. मी मात्र मघाशी पैसे देऊन अंतर मिटवलं, असं समजत होते. अंतर मिटत नाही. ते कुणालातरी चालावंच लागतं. स्वस्त हॉटेल घेतलं तेव्हा ते आईच्या वाट्याला आलं, महाग घेतलं तेव्हा या मुलीच्या.

एके काळी या शहरात कामगार कामाच्या जवळ राहत. परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्या होत्या आणि गिरण्यांच्या आसपास चाळी. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसं; ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. पण भोंगा झाला की माणूस चालत कामावर जायचा आणि चालत घरी यायचा. 1982 च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. पुढं गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मॉल, कचेऱ्या आणि टॉवर उभे राहिले, आणि कित्येक कुटुंबं विरार-बदलापूरकडं सरकली. आपण ज्याला 'मोक्याची जागा' म्हणून जादा भाडं मोजतो, तिचा मोका असा कुणाच्या तरी उठून जाण्यानं तयार झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाहुबली पाहिला. वेली पायांवरून, मांड्यांवरून वर चढलेल्या, आणि तो आपला निश्चल. त्याची गोष्ट आमच्याकडं प्रवचनात सांगतात ती अशी: भावाशी, भरताशी, द्वंद्वयुद्ध जिंकूनही त्यानं राज्य सोडलं आणि वर्षभर तो उभ्यानं तप करत राहिला. तरी केवलज्ञान होईना. कारण मनात एक शल्य उरलेलं: मी उभा आहे ती जमीन भरताची आहे. दोन पावलांपुरती जागा, पण ती दुसऱ्याची. भरतानं येऊन वंदन केलं तेव्हा ते शल्य गेलं.

काचेसमोर उभं राहून मला वाटलं, बाहुबलीला दोन पावलांच्या जागेचं शल्य वर्षभर टोचलं. आपण अख्खी खोली घेतो, चेक-आउटपर्यंत ती आपली म्हणतो, आणि काही टोचत नाही. त्याला ते शल्य काढून टाकायचं होतं. आपल्याला आधी ते लागायला हवं.

मग करायचं काय? समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दानाचे चार प्रकार सांगितलेत. आहार, औषध, उपकरण आणि आवास. राहायला जागा देणं हेही दानच. शेठ माणिकचंद हिराचंद यांनी सी. पी. टँकजवळ हिराबाग धर्मशाळा बांधली ती याच परंपरेत, आणि बांधली ती शहराच्या मध्यावर. परगावच्या यात्रेकरूला, रोग्याच्या नातेवाइकाला मोक्याची जागा मिळावी, त्याच्या खिशात किती आहेत हे न बघता. माझे वडील तरुणपणी तिथं उतरत. आईच्या गुडघ्यांमुळं मी आता हॉटेलच शोधते. पण या शहरात आवासदान करायचं झालं तर ते सर्वांत आधी कुणाला करायला हवं, हा प्रश्न आता मनातून जात नाही. आपल्या समाजात मंदिरांना, मांडवांना देणगी देणारे कमी नाहीत. काम करणाऱ्या मुलींसाठी कामाच्या जवळ एखादं वसतिगृह बांधायला त्यातलं किती निघेल?

मी वसतिगृह बांधू शकत नाही. मग आम्ही आमच्यापुरतं जे केलं ते थोडं हास्यास्पदच होतं. आईनं रविवारी सकाळीच स्वतः चादरींच्या घड्या घातल्या, ओले टॉवेल एका जागी ठेवले, केर गोळा केला. ती मुलगी आली तर म्हणाली, "आजी, घड्या घातल्या तरी चादरी मला बदलाव्याच लागतात. सुपरवायझर बघतो." आईचा चेहरा पडला. मग मुलगीच हसली आणि म्हणाली, "पण केर काढलात ते बरं केलंत. पाच मिनिटं वाचली."

परतीच्या बसमध्ये आई बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, झोपली. वाशीचा पूल ओलांडताना म्हणाली, "आता पोचली असेल काय गं ती?"

मी घड्याळ पाहिलं. सव्वानऊ झाले होते. म्हटलं, "पोचली असेल. स्वयंपाकाला लागली असेल."