चाकाच्या कडेवर

बसा. पाठ सैल सोडा.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

समोर एक भिंत आहे. चर्चची, बाहेरची, दक्षिणेकडची. बल्गेरियातल्या वेलिको तर्नोवोजवळचा प्रेओब्राझेन्स्की मठ हा. खाली यांत्रा नदी वाहते आहे. ती दिसायलाच हवी असं नाही.

भिंतीवर ऊन आहे. रंग बघा. आधी नुसते रंग.

आता हळूहळू चाक दिसू द्या.

मोठं चाक. आत चार ऋतू. मग बारा महिने. आणि कडेवर माणसं.

एका बाजूनं बालपण वर चढतं, मागोमाग तारुण्य. दुसऱ्या बाजूनं म्हातारपण खाली उतरतं. रहाटगाडगंच ते.

थांबा. चढणाऱ्याकडेच बघा.

श्वास.

हे चाक झाहारी झोग्राफनं रंगवलं, १८४९ साली. सामोकोव्हचा माणूस. चित्रकारी घरातलीच, थोरल्या भावाच्या, दिमितारच्या, हाताखाली तो शिकला.

त्या घरातलं संतचित्रांचं काम मनात आणा. लाकडी फळी. तिच्यावर पांढरा लेप. अंड्याच्या बलकात कालवलेला रंग.

संताचा चेहरा आधी काळपट असतो. त्यावर थोडा उजळ थर. मग आणखी थोडा.

उजेड असा सावकाश येतो. तुम्हीही सावकाश बघा.

बाच्कोवो, रिला, त्रोयान. मठामागून मठ झाहारीनं रंगवले. त्रोयानच्या चर्चमध्ये संतांच्या सोबतीनं त्यानं स्वतःलाही रंगवलं. चित्रावर नावही घालायचा. हा धीटपणा मला आवडतो.

श्वास. पुन्हा चाकाकडे.

जन्म १८१०चा. म्हणजे या भिंतीसमोर उभा असताना त्याची चाळिशी जवळ आलेली. हात भरलेला, कामं येत असलेली.

पुढे तो आथोसच्या डोंगरावर जातो. तिथल्या ग्रेट लाव्रा मठात भिंती रंगवतो. १८५३ साली सामोकोव्हमध्ये टायफसनं जातो.

उतरती बाजू त्यानं रंगवली. स्वतः तिथवर पोचला नाही.

हे मनात राहू द्या. त्याच्यावर काही रचू नका.

आता त्या उतरणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघा. म्हातारपण न पाहिलेल्या हातानं काढलेला तो म्हातारा.

थोडा वेळ बघा. आणखी थोडा.

नजर आपसूक कुठे वळते? चढत्या बाजूला? माथ्यावर? जिथे जाईल तिथे जाऊ द्या, आणि तिथल्या माणसाबरोबर चार श्वास बसा.