वृद्धाच्या ताटाचा प्रश्न

धम्मबंधूंनो, जयंतीला आपण वृद्धाश्रमात सफरचंदे वाटतो. दात नसलेल्याने ती खावीत कशी? तेथील आहारतज्ज्ञ बाई आधी हेच पाहते: गिळता येते का, वजन घटले का. आजाऱ्याच्या सेवकाने पथ्य-अपथ्य ओळखावे, लाभासाठी नव्हे, मैत्रीने सेवा करावी, असे विनयपिटकाच्या महावग्गात सांगितले आहे. परंतु मधुमेही आजीने बिनगुळाची लापशी परत धाडली, दोन दिवस ती जेवलीच नाही, तर पथ्य कोणते? कडक पथ्याने अतिवृद्धांचे अन्न तुटते, अंग झडते, हे आज आहारशास्त्रही मानते. जिने गावकीत मागून आणलेली शिळी भाकर खाल्ली, तिला ‘काय खाणार?’ असे कोणी विचारले होते? माझ्या मते आधी ते विचारावे, आणि रक्तातली साखर तपासत थोडा गूळ द्यावा.